तांब्याचं कडं आणि पाच किलो हळद

रहिमतपूरच्या अलीकडे, उसाच्या दोन फडांच्या मधे पत्र्याची एक मोठी शेड आहे. पूर्वी तिथं ट्रॅक्टर उभे राहायचे. त्या रविवारी तिथं तीनशे माणसं दाटीनं बसली होती आणि बाहेर रस्त्याच्या कडेला पुणे पासिंगच्या मोटारींची रांग लागली होती. असल्या ठिकाणी एरवी जे दिसतं त्यातलं काहीच नव्हतं. लिंबं नव्हती, कोंबडी नव्हती, केस मोकळे सोडून घुमणाऱ्या बाया नव्हत्या. जीन्स घातलेली, मानेला पट्टा बांधलेली, पाठीवर लॅपटॉपची बॅग अडकवलेली शिकलीसवरलेली पोरं होती, आणि त्यांना दंडाला धरून आणलेले त्यांचे आईबाप होते.

मी तोंडाला स्कार्फ गुंडाळून मागच्या खांबाला टेकून उभी होते. वय एकसष्ट, तीस वर्षं मुलांना विज्ञान शिकवलेली बाई, आणि चोरासारखी तोंड लपवून उभी. का, ते सांगणारच आहे.

पुढं उंच चौथऱ्यावर पांढऱ्या कुर्त्यातला, पस्तिशीचा, देखणा माणूस उभा होता. लोक त्याला तरंगमहाराज म्हणत. आवाज गोड, आणि बोलणं असं की ऐकणाऱ्याला वाटावं, हा आपल्या घरातच राहून गेलाय.

"पूर्वी हापिसाला उंबरा होता," महाराज सांगत होते. "यंत्र उंबऱ्याच्या आत, आपण बाहेर. सांजच्याला हातपाय धुऊन घरात. आता आपण काय केलं? यंत्रालाच घरात घेतलं. माजघरात घेतलं. अंथरुणात घेतलं. नवराबायकोच्या मधी आज कोण झोपतं, सांगा बघू?"

"लॅपटॉप," पोरं ओरडली आणि सगळे हसले.

महाराजांनी हसू ओसरू दिलं. मग म्हणाले की, त्या यंत्राचे ऋण तरंग दिवसभर अंगात मुरतात आणि हाडांच्या सांध्यात साठून राहतात. म्हणून मान धरते, खांदा उतरतो, कंबर मोडते, बोटांना मुंग्या येतात. डॉक्टर बिचारे एक्सरे काढतात. पण तरंग कधी एक्सरेत सापडलेत का? लोकांनी माना हलवल्या. एक्सरे हे स्वतःच तरंग असतात, हे तीनशेंपैकी एकालाही आठवलं नाही. महाराजांना ते नक्की ठाऊक होतं. त्या धड्यावर त्यांना दहापैकी दहा मार्क पडले होते.

मग प्रचीती सुरू झाली. मेढ्याहून आलेला एक तगडा पोरगा वर बोलावला. डावा हात लॅपटॉपवर ठेवायला सांगितला, उजवा खांद्याच्या रेषेत बाजूला पसरायला लावला. महाराजांनी त्याला गाव विचारलं, तालीम करतोस का विचारलं, लग्न ठरलं का विचारलं. पोरगा लाजून उत्तर देतोय तोवर त्यांनी दोन बोटांनी त्याचा हात दाबला. हात खाली. तालीम केलेला दंड, आणि दोन बोटांनी खाली! शेडमध्ये एकदम कुजबुज उठली.

मग वर येताना त्याच्याकडून काढून ठेवलेलं तांब्याचं कडं आलं. ते त्याच्या उजव्या मनगटात गेलं. पुन्हा हात पसरला. "आता धर घट्ट. लाव ताकद. तयार हाईस?" असं म्हणून महाराज त्या हातावर अक्षरशः रेलले. त्यांच्या कपाळाची शीर तट्ट फुगली. हात तसूभर हलला नाही. टाळ्यांनी पत्रा दणाणला. तो पोरगा डोळे पुसत म्हणाला की, तीन महिने मान वळत नव्हती, गेल्या महिन्यात इथून कडं आणि व्रत नेलं तेव्हापासून सुटली. मागं बसलेली एक आई पदर डोळ्यांना लावून हात जोडत होती.

मी टाळ्या वाजवल्या नाहीत. मी महाराजांच्या चेहऱ्याकडे बघतच नव्हते, त्यांच्या बोटांकडे बघत होते. सकाळी सांगलीला गाडीत बसल्यापासून मी मनातल्या मनात घोकत होते, तसं नसू दे, दुसरी काहीतरी युक्ती असू दे. पण तसंच होतं. माझ्या खांद्याला कापडी पिशवी होती. तिच्यात आमच्या दुकानातली पाच किलो हळद होती.

आता आमच्या घरचं सांगते. माझे यजमान जवाहर सांगलीच्या बाजारात हळदीचे व्यापारी. आम्हाला एकच मुलगी, कीर्ती. ती त्यांना अण्णा म्हणते. पुण्याच्या एका कंपनीत कॉम्प्युटरचं काम करते. लॉकडाउनमध्ये घरी आली ती राहिलीच, कारण कंपनीनंच सांगितलं, घरूनच करा. घर दुकानाच्या माडीवर. माडीवर नेट धड येत नव्हतं, म्हणून ती खाली पेढीवर बसू लागली. पेढी म्हणजे जुनी बैठी पेढी. गादी, मागं लोड, पुढं माझ्या आजेसासऱ्यांनी करून घेतलेलं शिसवी उतरतं मेज. मेजाच्या आपल्याकडच्या कडेला बोटभर उंचीची लाकडी पट्टी, लेखणी घरंगळू नये म्हणून. त्या पट्टीला टेकून कीर्तीचा लॅपटॉप उभा राहायचा आणि त्याच पट्टीवर तिची मनगटं दाबली जायची. मांडी घातलेली, पाठीला बाक, मान खाली, असं रोजचं दहा तास.

मी पहिल्या महिन्यातच म्हटलं, टेबल-खुर्ची आणा. जवाहर चिडले. म्हणाले, "तीन पिढ्या ह्या गादीवर बसल्या. कुणाचं मनगट दुखलं न्हाई. आता लेक बसली तर तुला खुपाय लागलं व्हय?" त्यांच्या दुखण्याचं मूळ मला माहीत होतं. मुलगा नाही म्हणून भाऊबंद त्यांना वर्षानुवर्षं टोचत आले होते, गादीवर कोण बसणार म्हणून. आता मुलगी गादीवर बसून अमेरिकेचं काम करते हे ते बाजारात येईल त्याला सांगायचे. मी समजून गप्प बसले. एवढंच म्हणाले की, तीन पिढ्यांनी चार ओळी लिहिल्या, की उठून हळदीचा नमुना बघितला, चहा घेतला, गिऱ्हाइकाशी भांडण काढलं. दहा तास मनगट टेकून कोणी बसलं नव्हतं. ते त्यांनी ऐकलं नाही.

दोन वर्षांत कीर्तीच्या उजव्या हाताच्या पहिल्या तीन बोटांना बधिरपणा येऊ लागला. झोपेतून हात झटकत उठायची. मी तिला मिरजेला डॉक्टरीणबाईंकडं नेलं. त्यांनी साखर बघितली, थायरॉइड बघितलं, नसांची तपासणी केली. म्हणाल्या, मनगटातून अंगठ्याकडं जाणारी नस दबली आहे. मनगट सरळ ठेवणारा पट्टा दिला, बैठक बदलायला सांगितली, व्यायाम दिले, दोन महिन्यांनी बोलावलं. आणि बजावून सांगितलं की, हयगय केली तर अंगठ्याचा स्नायू वाळतो, आणि एकदा वाळला की तो परत भरेलच अशी खात्री नसते.

त्यानंतर मी विचारलं की कीर्ती म्हणायची, बरा आहे आता हात. दोन महिन्यांची तारीखही तिनं तसंच म्हणून टाळली. सहा महिने असे गेले. ती लांब बाह्यांचे कुडते घालू लागली होती, तेही माझ्या लक्षात आलं नाही. शाळेत पोरांच्या बाकाखालच्या चिठ्ठ्या ओळखणारी मी, आपल्या घरात आंधळी झाले.

मग एका सकाळी तिच्या हातातून दुधाचं पातेलं निसटलं. पुसायला वाकले तर ती हात पाठीमागं लपवत होती. मी ओढून घेतला. अंगठ्याखालचा तळहाताचा उंचवटा बसून तिथं खळगा पडला होता. मनगटात तांब्याचं कडं, इतकं घट्ट की खालची कातडी हिरवी झालेली.

"पट्टा कुठाय?" मी विचारलं.

"काढून ठेवला," ती म्हणाली. "अण्णांनी नेलं होतं मला. जयराजदादाकडं. तो म्हणाला, पट्ट्यानं तरंग आत कोंडतात."

जयराज हे नाव ऐकलं आणि मी तिथंच ओल्या फरशीवर बसले.

जयराज माझा विद्यार्थी. बाप सयाजी लष्करात, आई नव्हती. म्हणून तो सांगलीजवळच्या आमच्या शाळेच्या गावी मामाकडं राहायचा. मामीचं त्याच्याकडं फार लक्ष नव्हतं. आम्ही तेव्हा त्याच गावात होतो. आम्ही जैन, आमच्याकडं जेवण सूर्य मावळायच्या आत, त्यामुळं खेळ टाकून पोरगा धावत यायचा आणि कीर्तीच्या शेजारी पाट मांडून बसायचा. माझ्या तीस वर्षांत त्याच्याइतकं चलाख पोर वर्गात आलं नाही. पुढं पुण्यात कुठल्याशा हेल्पलाइनला लागला, लॉकडाउनमध्ये नोकरी गेली, एवढं मला माहीत होतं. गावाकडं शेती बघतो असं वाटत होतं. तरंगमहाराज हे नाव मी ऐकलं होतं. ते आणि जयराज एकच, हे माझ्या नवऱ्याला माहीत होतं, माझ्या मुलीला माहीत होतं, फक्त मला माहीत नव्हतं.

दुपारी मी जवाहरना विचारलं. ते म्हणाले, "तुला सांगितलं असतं तर तू जाऊ दिलं असतंस का?" नसतं जाऊ दिलं. त्यात लपवण्यासारखं काय होतं? ते मान वळवून म्हणाले, "महाराजांनी सांगितलं, दोष तरंगांचा हाय. गादीचा न्हाई." त्यांच्या चेहऱ्यावर सुटका झालेल्या माणसाचं समाधान होतं. मुलीच्या हाताकडं त्यांनी बघितलंच नाही.

डॉक्टरीणबाईंनी हात बघून मंगळवारची तारीख दिली. छोटी शस्त्रक्रिया, पण आता थांबायचं नाही, म्हणाल्या. आणि घरी आल्यावर कीर्तीनं सांगितलं की, रविवारी ती आधी रहिमतपूरला जाणार. दादा जे सांगेल ते करणार. एकतीस वर्षांची मुलगी, तिला बांधून तर नेता येत नव्हतं. जयराजनं नको म्हटलं तर मंगळवार हुकणार होता, आणि मंगळवारबरोबर तिचा अंगठा जाणार होता. तेव्हा मी तिला ती प्रचीती कशी असते ते नीट विचारून घेतलं. हात पसरायला लावतात आणि दाबतात, म्हणाली. ते दोघे मोटारीनं गेले. मी दुकानातून हळद बांधून घेतली आणि सकाळच्या गाडीनं निघाले.

तर अशी मी त्या खांबाला टेकून उभी होते. कीर्तीचा नंबर आला. जयराजनं तिचा उजवा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "मनगटाला सुरी लावायची म्हणत्यात. एकदा सुरी लागली, की तरंग बाहेर पडायची वाट कायमची बंद. मग मी बी काय करू शकणार न्हाई, ताई." कीर्तीनं मान डोलावली. खाली बसलेल्या जवाहरनीही डोलावली.

मी स्कार्फ सोडला आणि चालत पुढं गेले.

जयराजनं मला ओळखलं. पोरगा खरोखर हुशार. क्षणभरच गोंधळला, मग चौथऱ्यावरून उतरून माझ्या पायावर डोकं ठेवलं आणि उठून लोकांकडं वळला. म्हणाला, "ह्या माझ्या बाई. मला विज्ञान ह्यांनी शिकवलं. आज विज्ञान सोता चालत आपल्या दारात आलंय." लोकांनी माझ्यासाठी टाळ्या वाजवल्या. कुणीतरी माझ्या गळ्यात झेंडूचा हार घातला. जन्मात इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

"मला एक प्रयोग करायचा आहे," मी म्हणाले. "सयाजीराव कुठं आहेत?"

सयाजी दाराशी खुर्चीवर बसून नंबराच्या चिठ्ठ्या देत होते. निवृत्त हवालदार, सत्तरी उलटलेली, पाठ अजून ताठ. त्यांच्याही मनगटात कडं होतं. लेकाच्या कामावर त्या माणसाचा मनापासून विश्वास होता, हे मला त्यांच्या चालण्यातच दिसलं. मी त्यांना विचारलं, "कारखान्याला ऊस घालता तेव्हा वजन कुठं करता?"

"आधी भाईरच्या काट्यावर, मग कारखान्याच्या," सयाजी म्हणाले. "एका काट्यावर इस्वास ठिऊन कोण ऊस घालतंय, बाई?"

लोक हसले. त्या पट्ट्यात ही गोष्ट शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. ट्रॉली भरली की आधी खासगी काट्यावर जायचं, पावती खिशात घालायची आणि मगच कारखान्याच्या दारात उभं राहायचं.

"मग ह्या काट्यावर कसा ठेवला? तीनशे जणांचे हात इथं एकाच माणसाच्या बोटांवर तोलले जातात. दुसऱ्या काट्यावर घालून बघूया का?"

जयराज हसत म्हणाला की, ही श्रद्धेची जागा आहे, इथं मोजमाप करत नाहीत. सयाजींनी त्याला थांबवलं. "करू दे की रं. खऱ्याला कशाचं भ्या?"

मी सयाजींचं कडं काढून बाजूला ठेवलं. डाव्या बगलेत लॅपटॉप दिला, म्हणजे तरंगांची तक्रार नको. उजवा हात बाजूला पसरायला सांगितला आणि पिशवीचे बंद त्यांच्या मनगटात अडकवले. लोकांना मोठ्यानं आकडे मोजायला लावले. आठावर हात थरथरायला लागला, अकराला खाली आला. त्यांना पाणी दिलं, चांगला दहा मिनिटं दम खाऊ दिला. मग लॅपटॉप तसाच ठेवून, कडं न घालता तीच पिशवी कोपराच्या वर दंडात अडकवली. लोक मोजत राहिले. वीस झाले, तीस झाले. चाळीसला मीच पिशवी काढून घेतली. हात तिथंच होता.

मग मेढ्याच्या पोराला बोलावलं. त्याच्या मनगटावर आणि कोपराच्या वर पेनानं एकेक रेघ ओढली. जयराजला म्हणाले, कडं घालून मनगटाच्या रेघेवर दाब. तो जागचा हलला नाही. तेव्हा सयाजीच पुढं आले. पोराच्या हातात कडं होतं, पोरानं दात आवळून जोर लावला होता, तरी सयाजींनी मनगटावर दोन बोटं टेकवून रेटताच हात खाली आला. कडं काढलं. सयाजींनी कोपरावरच्या रेघेवर दाबलं. तिथं त्यांचा सगळा जोर लागला आणि हात ढळला नाही.

मी सांगत गेले, आवाज आपोआप वर्गातला लागला. "दार कडेला धरून ढकलता तेव्हा एका बोटानं उघडतं. बिजागरीपाशी ढकलून बघा, खांदा लावावा लागेल. तुमचा हात म्हणजे दार आणि खांदा म्हणजे बिजागरी. ह्याला तरफ म्हणतात. महाराज पहिल्यांदा मनगटावर दाबतात, दुसऱ्यांदा कोपराच्या वर सरकतात. पहिल्यांदा लग्नाचं विचारून तुम्हाला बेसावध ठेवतात, दुसऱ्यांदा तयार करून मग दाबतात. कडं नसतं तरी हेच झालं असतं."

"पण मग माजी मान सुटली कशी?" मेढ्याचा पोरगा म्हणाला. तो रडवेला झाला होता.

मी विचारलं, कड्याबरोबर व्रत काय दिलं होतं? दर अर्ध्या तासाला यंत्र सोडायचं, दारात उभं राहून सूर्याला सामोरं जायचं, एकवीसदा खांदे फिरवायचे, म्हणाला. "मान त्यानंच सुटली, बाळा. तेवढंच खरं होतं, आणि ते कुठलाही डॉक्टर सांगतो. ज्यांना नुसती बैठकीनं मान धरली होती त्यांना त्यानं बरं वाटलं. पण हिचा हात बघा." मी कीर्तीचा तळहात वर करून धरला. "हिची नस दबली होती. हिला पट्टा हवा होता, तो ह्यानं काढायला लावला. आणि वर सुजलेल्या मनगटावर हे घट्ट कडं चढवलं."

जयराज माझ्या अगदी जवळ आला. महाराजांचा आवाज गेला होता, नववीतला पोरगा बोलत होता. "बाई, हे तर तुमीच शिकवलं की. पिशवी बी हीच हुती. माज्याच हातात अडकवली हुती तुमी, सगळ्या वर्गापुढं."

खरं होतं. तरफेचा धडा, दुकानातली पाच किलो हळद, आणि पहिल्या बाकावरून हात वर करून धावत आलेला हा मुलगा. पिशवी कोपरावर सरकवल्यावर त्याचे डोळे मोठे झाले होते. "बाई, पिशवी तीच, हात तोच, मग ताकद कुठनं आली?" असं त्यानं विचारलं होतं. त्या प्रश्नासाठी मी त्याला सगळ्या शिक्षकांत मिरवलं होतं.

"हो, मीच शिकवलं," मी म्हणाले. "पण पिशवी सरकवण्याआधी मी वर्गाला काय म्हणाले होते, आठवतं? मी म्हणाले होते, मी कुठं सरकवतेय ते नीट बघा. तू तेवढंच झाकलंस."

त्यानं मान खाली घातली. तेवढ्यावर थांबला असता तर कदाचित मी पुढंमागं त्याला माफ केलं असतं. पण कोपऱ्यात सापडलेला माणूस मिळेल ते अंगावरून झटकतो. तो म्हणाला, "पट्ट्याचं मी सांगितलं, बाई. गादीचं न्हाई. गादीचा दोष न्हाई असं पोरीला सांगा, एवढं अण्णाच मला आधी येऊन म्हणाले. हितं समदे आधी येऊन सांगत्यात, त्यास्नी काय ऐकायचं हाय ते."

मी जवाहरकडं बघितलं. तीनशे माणसांत ते एकटेच खाली मान घालून बसले होते. कीर्तीनं विचारलं, "अण्णा, तुम्ही सांगितलं होतं ह्याला?" मग तिनं डाव्या हातानं मनगटातलं कडं ओढून बघितलं, ते निघेना. शेवटी सयाजींनी तिचा हात धरून तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटत ते हलक्यानं वाकवून काढलं. बाजूला ठेवलेलं स्वतःचं कडंही त्यांनी उचलून जमिनीवर टाकलं. लेकाकडं न बघता ते शेडच्या दाराशी गेले आणि दोन्ही दारं सताड उघडून उभे राहिले. लोक उठून जाऊ लागले. काही जण मात्र मला शिव्या देत गेले, तेही सांगायला हवं.

परतताना कीर्ती माझ्याबरोबर गाडीनं आली. मंगळवारी शस्त्रक्रिया झाली. बोटांचा बधिरपणा गेला, झोप शांत लागते. अंगठ्याचा स्नायू मात्र निम्माच भरला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पट्टा सहा महिने राहिला असता तर कदाचित सुरी लागलीच नसती. कदाचित, एवढंच त्या म्हणाल्या. त्या एका शब्दानं मला अजून झोप लागत नाही.

जवाहरनी शिसवी मेज माळ्यावर टाकलं आणि सुताराकडून टेबल करून आणलं. चाळीस वर्षांच्या संसारात माझ्याशी खोटं बोलले याचा मला राग आहेच, पण तो एक वेळ जाईल. मुलीच्या हातापेक्षा त्यांना गादीची अब्रू मोठी वाटली, ते कसं विसरायचं हे मला अजून कळलेलं नाही. जयराज गाव सोडून गेला. कुठं, ते सयाजींनाही माहीत नाही. अजून कुणी ना कुणी महाराजांची चौकशी करत येतं, तेव्हा सयाजी त्याला आत बसवतात आणि त्याच्या मनगटात पाच किलोची पिशवी अडकवतात. हळद मीच दिली आहे.

तुमच्याही घरात कुणी लॅपटॉपपुढं बसत असेल. त्याचं मनगट कशावर टेकतंय ते आजच बघा, मान कुठं वाकतेय ते बघा, अर्ध्या तासानं त्याला उठवा. त्याला कडं लागत नाही, मुहूर्त लागत नाही. बोटांना मुंग्या राहिल्या तर डॉक्टरकडं जा आणि डॉक्टर सांगतील ते पूर्ण करा. कीर्ती अजून लोणच्याची बरणी उघडायला माझ्याकडं देते. मी उघडून देते आणि आम्ही दोघी दुसरीकडं बघतो. म्हणून सांगते, उद्या कुणी चमत्कार दाखवायला तुमचा हात हातात घेतला, मग तो महाराज असो, नाहीतर माझ्यासारखी मास्तरीण असो, त्याला म्हणा, पुन्हा करून दाखव. आणि ह्या वेळी बोट पहिल्या जागीच ठेव.